साखर बंद

दुपारी सव्वातीनला मनिषाने लॅबच्या खिडकीतली बाटली उचलली आणि आपण भलतीच उचलली असं वाटून परत ठेवली. मग पुन्हा उचलली. लेबल तिच्याच हातचं होतं. सुभद्राबाई, वय एकावन्न, स्त्री, सकाळी साडेसात. सकाळी साडेसातला या बाटलीत फिकट पिवळी लघवी होती, कुणाचीही असते तशी. तिने स्वतःच ती समोरच्या रुग्णालयातून, आईला लावलेल्या नळीतून भरून आणली होती. लॅबमध्ये आली तेव्हा वीज गेलेली, बाहेर डेंग्यूच्या तपासणीसाठी माणसं बसलेली, म्हणून तपासणीची पट्टी तेवढी बुडवून घेऊन तिने बाटली खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि रक्त काढायला बसली. ऑक्टोबरचं ऊन दिवसभर त्या कठड्यावर होतं. आता बाटलीतलं पाणी काथ भिजवल्यासारखं दिसत होतं. उजेडासमोर धरलं तर तांबूस, खाली घेतलं तर जवळजवळ काळं.

रक्त, असं तिला आधी वाटलं, आणि वाटताक्षणी ते खोटंही वाटलं. सकाळच्या पट्टीवर रक्त नव्हतं. तरी तिने थोडं पाणी नळीत घेऊन यंत्रात फिरवलं. रक्त असतं तर तळाला लाल साका बसला असता. तळ स्वच्छ राहिला आणि रंग वरच्या वर तसाच. तिचे हात नेहमीच्या सवयीने काम करत होते आणि त्यांच्याकडे पाहताना तिला अंबाजोगाईच्या कॉलेजातला एक तास आठवला, पंख्याच्या आवाजात बुडालेला. सर फळ्यावर न लिहिता म्हणाले होते की एक आजार असा आहे ज्यात लघवी उन्हात ठेवली की काळवंडते, पॉर्फिरिया; परीक्षेला दोन मार्कांपुरता लक्षात ठेवा, जन्मात बघायला मिळणार नाही. मुली हसल्या होत्या. मनिषाने ते वहीत लिहून घेतलं होतं, कारण ती सगळंच लिहून घ्यायची. आणि आता तो तास आठवतानाच त्याच्या मागून दुसरंच काही वर आलं: तेलगावच्या पुढचं त्यांचं गाव, पत्र्याच्या घरापुढची दोरी आणि दोरीवर वाळत घातलेलं आईचं पांढरं पातळ, ज्यावर उन्हं चढतील तसे तांबडे-काळे डाग उमटत गेले होते.

तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची असेल. आई दोन दिवस पोट धरून लोळत होती, कुणाला ओळखत नव्हती, काहीबाही बडबडत होती, आणि पातळातच लघवी झाली होती. भिवरामावशीने ते नुसतं खळबळून दोरीवर टाकलं. टाकलं तेव्हा डाग नव्हते, हे मनिषाला आज स्वच्छ आठवत होतं, कारण पातळाचं दुसरं टोक तिने धरलं होतं. दुपारी डाग दिसले तशी मावशीने तोंडावर हात मारून घेतला. बाईच्या पोटात दुखतं, बाईच्या पातळाला रक्त दिसतं, मग दुखणं कुठलं हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. तालुक्याच्या डॉक्टरांनीही पातळाची हकीगत ऐकून मान हलवली. कारखान्यावर ऊस तोडायला निघायच्या आधी गर्भाची पिशवी काढून टाकली म्हणजे मोसमात खाडा नको, हे तर मुकादमही सांगायचा. आळीतल्या चार बायकांची आधीच काढून झाली होती. आईची पिशवी गेली तेव्हा आई एकतीस वर्षांची होती. दुखणं राहिलं. पुढच्या घटाला ते पुन्हा आलं, आणि मग कुणी म्हणालं की तिच्या अंगात येतं, कुणी म्हणालं की सोंग करते.

सोंग म्हणण्याला कारण होतं. सुभद्राबाई गावात आजारी पडायची आणि फडावर बरी व्हायची. हे इतकं नेमाने घडायचं की त्याची थट्टा होत असे. श्रावणात सोमवार धरले की दुखणं, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी दुखणं, नवरात्रात तर ठरलेलंच; पाचव्या-सहाव्या माळेला ती अंथरुणाला खिळायची. पण दिवाळी करून बैलगाडी निघाली, कारखान्याच्या मैदानात पाचटाच्या कोप्या पडल्या, की दहा-बारा दिवसांत तिचे गाल भरायचे. पहाटे दाट साखरेचा चहा, दिवसभर कोयता चालवताना दाताखाली उसाचं कांडं, सांजेला कुणाच्या तरी गुऱ्हाळावरचा काकवीचा डबा. पाच महिने पोटाचं नाव नाही. वडील, शहादेव, चार माणसांत म्हणायचे, "हिला ना सासर पायजे, ना माहेर. हिला कारखानाच पायजे." माणसं हसायची. आईही हसायची, पदर दाताखाली धरून. ती एकदाच न हसता काही बोलली होती. गाडी फडावरून परत निघाली होती, गाव दिसायला लागलं होतं, आणि ती मनिषाला म्हणाली होती की गाव जवळ आलं की माझ्या पोटाला कळतं. मनिषाला वाटलं होतं आई घरच्या जाचाबद्दल बोलतेय. जाच होताच. त्यामुळे ते वाक्य तिने त्या खुंटीला टांगून ठेवलं आणि वीस वर्षं तिथून काढलं नाही.

कपाटात मागच्या बाजूला एर्लिकच्या द्रावणाची बाटली होती, लघवीतला असा माल रंगाने पकडणारी. आता ते काम पट्ट्या करतात, बाटली कुणी काढत नाही. मनिषाने झाकण फिरवलं. दोन मिलिलिटर लघवी, तेवढंच द्रावण. वाट बघावीच लागली नाही. नळीत गुलाबी रंग पसरला, लग्नातल्या अक्षतांचा असतो तसा, आणि गडद होत गेला. पक्कं करायला तिने क्लोरोफॉर्म घालून नळी हलवली. क्लोरोफॉर्म खाली बसला, रंगहीन. गुलाबी वरच राहिलं; दुसरं काही असतं तर रंग खाली उतरला असता. आपण असंच व्हावं म्हणून वाट पाहत होतो की होऊ नये म्हणून, हे तिला कळेना. पोटाच्या आत, बेंबीच्या वर, काहीतरी आवळल्यासारखं झालं. तिने टेबलाच्या कडेला हात टेकला. शरीर रक्ताचा लाल रंग पायरी-पायरीने तयार करतं. काही माणसांत त्यातली एक पायरी जन्मतःच अधू असते. पोटात अन्न आहे तोवर भागतं. माणूस उपाशी राहिला की हा रंगाचा कारखाना पिसाटतो, अर्धवट झालेला माल त्या पायरीपाशी तुंबतो, आणि नसा मरू लागतात, आधी पोटाच्या, मग हातापायांच्या, मग छातीच्या. उपाय साखर. नुसती साखर, भरपूर, वेळेवर.

वेळेवर, हा शब्द डोक्यात आला आणि तिथेच थांबला. वडील गेल्यावर, गेल्या वर्षी, तिने आईला बीडला आणलं होतं. कोयता सुटला, असं तिने सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं. नवरा अजिनाथ एसटीत वाहक, दिवसभर बाहेर, मुलगी आरोही शाळेत. आईने नुसतं बसून राहावं असं मनिषाला वाटे. आल्या आल्या तिने आईचं रक्त तपासलं, कारण ती दुसरं काय देऊ शकत होती. उपाशीपोटी साखर एकशे बारा. आजार नव्हता, आजाराच्या उंबऱ्यापाशी होती इतकंच. पण मनिषाला वाटलं, आयुष्यभर उसात राहिलेली बाई, आणि तिने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवलं: साखर बंद. गूळ बंद. भात बंद. भाकरी अर्धी. आईला वाचता येत नव्हतं. तिने आरोहीकडून कागद पाठ करून घेतला आणि शेजारच्या बायकांना म्हणून दाखवायची. "माजी मनी रगत बगून सांगती," असं ती म्हणे, आणि बिनसाखरेचा चहा त्यांच्यासमोर घोटाघोटाने पिऊन दाखवी. एकदा दुपारी मनिषा अवेळी घरी आली तर आई ओट्यापाशी गुळाच्या डब्यात नाक घालून उभी होती. खात नव्हती, वास घेत होती. मनिषाने डबा काढून वरच्या फळीवर ठेवला, आणि आई चोरी सापडल्यासारखी हसली. त्या वर्षात दुखणं तीनदा आलं. मनिषाने पित्ताच्या गोळ्या दिल्या. पुन्हा रक्त तपासलं तर साखर अठ्ठ्याण्णव होती, आणि त्या दिवशी तिला फार बरं वाटलं होतं.

मग घट बसले. आईचे नऊ दिवसांचे उपवास कडक, पाणी आणि एक वेळ मूठभर शेंगदाणे. दरवर्षी मनिषा फोनवरून वाद घालायची. यंदा आई तिच्याच घरात होती आणि तिने वाद घातला नाही. उपवासाने वजन उतरेल, असा विचार तिच्या मनात येऊन गेला होता. तो येऊन गेला होता हे तिला आता काही केल्या पुसता येत नव्हतं. पाचव्या माळेला आई कळवळू लागली. पोट दाबलं तर मऊ, पण कळा अशा की खाटेची कड चावत होती. लॅबसमोरच्या रुग्णालयात एक्स-रे काढला, फोटोत आतडी फुगलेली दिसली. पूर्वी पिशवी काढलेली, म्हणजे आतून काही चिकटून आतडं अडलं असणार, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या कुणीही तेच म्हटलं असतं, मनिषाही तेच म्हणाली होती. सहाव्या माळेला पोट उघडलं. पीळ नाही, गाठ नाही, चिकटलेलं काही नाही. तिथून पुढेही पोटाला विश्रांती म्हणून नुसतं मिठाचं पाणी शिरेतून. काल आईला हात डोक्यापर्यंत नेता येईना. आज आठवी माळ.

लॅबच्या मालकीण डॉक्टर वनमालाबाई नळीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. त्या पॅथॉलॉजिस्ट होत्या, चोवीस वर्षं हेच काम, आणि त्यांनीही हा रंग कधी पाहिला नव्हता. त्यांनी लगेच समोरच्या डॉक्टरांना फोन लावला आणि हळू, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मग ग्लुकोज लगेच चालू करतो असं ते म्हणाले, आणि यावरचं खरं इंजेक्शन इकडे कुठे मिळत नाही, पुण्या-मुंबईला विचारावं लागेल, दोन दिवस तरी लागतील, असंही. फोन ठेवून वनमालाबाई म्हणाल्या, "तू जा." दारापर्यंत गेल्यावर त्यांनी मागून आणखी एक सांगितलं, की हे आईकडून मुलीकडे जायची शक्यता निम्मी असते, तू आज काही खाल्लंस का. मनिषाने मान हलवली. ती हो होती की नाही, तिलाच कळलं नाही.

रस्ता ओलांडायला नेहमीपेक्षा वेळ लागला. खंडेश्वरीच्या जत्रेला जाणाऱ्या बायकांनी भरलेल्या रिक्षा एकामागून एक जात होत्या, हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू, अनवाणी पाय. प्रत्येकीच्या पोटात आज अन्न नसेल, असं मनिषाच्या मनात आलं, आणि त्यांना काही होणार नाही. लाखात एखादीला होतं. लाखातली ती एखादी कोण, ते कुणी आधी सांगत नाही. अतिदक्षता विभागात परिचारिका नवी बाटली लावत होती. आईचं तोंड अर्धवट उघडं होतं. छाती हलत होती पण वरवर, उथळ पाण्यात लाट येते तशी. मनिषा जवळ गेली तेव्हा आईने डोळे फिरवले. मान फिरली नाही.

मनिषाने तिला सांगितलं की दुखणं सापडलं. नाव सांगितलं नाही. साखर कमी पडली की तुला हे होतं, एवढंच सांगितलं. आई ऐकत होती. घशातून आवाज यायला वेळ लागला आणि आला तो नाकातून, दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा.

"म्हंजी फडावर बरं वाटायचं," आई म्हणाली, "ते खरं हुतं."

"खरं होतं, माय."

"मी सोंग न्हाई केलं."

"न्हाई केलंस."

आई थोडा वेळ श्वास गोळा करत राहिली. मनिषाला वाटलं, आता ती कागदाबद्दल बोलेल. तिला ते ऐकायचं होतं. कुणीतरी ते मोठ्याने बोलावं आणि एकदाचं होऊन जावं, असं तिला फार वाटत होतं. पण आईच्या चेहऱ्यावर एक प्रकारची समजूत पसरली, आनंद म्हणता येणार नाही अशी. पंचायतीत आपल्या बाजूने निकाल लागल्यावर म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर येते तशी. "तुजा बाप असायला पायजे हुता," ती म्हणाली. मग डोळे मिटले. कागदाचं तिच्या मनातही आलं नव्हतं, हे मनिषाला कळलं. मनीच्या हुशारीने आजही काही तरी शोधून दिलं होतं, इतकंच तिला दिसत होतं.

पाच वाजता डॉक्टर आले. त्यांनी आईला एका दमात आकडे मोजायला लावले. ती चारापर्यंत पोचली. त्यांनी मनिषाला बाजूला घेतलं. बोलताना ते तिच्याकडे न बघता तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशाकडे बघत होते. नळी घालून यंत्रावर ठेवावं लागेल. ग्लुकोज जातंय, पण नसांचं झालेलं नुकसान आजच्या आज भरून येत नाही. येतं तेव्हा महिने लागतात, आणि महिने मिळतील का हे त्यांना सांगता येत नव्हतं. मग म्हणाले, "मी पोट उघडायला नको होतं." मनिषा म्हणाली की फोटोत आतडी फुगलेली होती. दोघांचं एकमेकांना एवढं देऊन झालं आणि ते आत गेले. काचेच्या दाराला आतून पडदा ओढला गेला.

बाहेर लोखंडी बाकावर भिवरामावशी बसली होती, आईची धाकटी बहीण. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ती गावाहून आली होती ती इथेच होती. ओठ सुकून पांढरे पडलेले. मनिषाने तिला काय चाललंय ते सांगितलं. मावशीने दोन्ही हात कपाळाला लावले आणि काही तरी पुटपुटली. त्या पुटपुटण्यात देवीचं नाव ऐकू आलं तेव्हा मनिषाला एकाएकी आठवलं की दोन दिवसांत मावशीला काही खाताना आपण पाहिलेलं नाही.

"मावशी, काय खाल्लंस?"

"पाणी."

"कधीपासून?"

"अक्काला कापायला नेलं तवापासून. खंडेश्वरीला बोलले मी. अक्का उठून बसल्याबिगर घास घ्यायची न्हाई."

मनिषा तिच्याशेजारी बसली. तिने सगळं पुन्हा सांगितलं, सोप्या शब्दांत, आरोहीला गणित समजावते तसं. एका रक्ताच्या बायकांत हे असू शकतं. जेवण सुटलं की ते उठतं. आईचं तसंच झालं, तुझंही होईल. मावशी तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होती, मधेमधे मान हलवत होती. सांगून झालं तेव्हा म्हणाली, "म्हंजी आमच्या उपासानं अक्का पडली म्हण."

"हो."

"आन् तुज्या कागदानं न्हाई?"

मावशीच्या आवाजात राग नव्हता. भाजीवाल्याला काटा नीट धर म्हणावं तसं ती म्हणाली. मनिषाने काचेच्या दाराकडे पाहिलं. "कागदानंबी," ती म्हणाली. किती वर्षांनी ती असं गावच्या बोलीत बोलली.

"मग तू तुजं सांबाळ, मने. मला माजं बोललेलं सांबाळू दे. मी का डॉक्टर हाय? माज्याजवळ दुसरं काय हाय अक्काला द्यायला?"

मनिषाने पिशवीतून केळी काढली, सकाळी अजिनाथने दिलेली, दोन. एक सोलून मावशीपुढे धरलं. मावशीने तोंड फिरवलं. मनिषाने तिचा हात धरला तर तो हात पोटावर होता, बेंबीच्या वर, मूठ करून दाबलेला.

"दुखतंय का?"

"उपासाला कुणाचं न्हाई दुखत?"

मावशीने मूठ पदराखाली घेतली. बाकावर पलीकडे एका आजारी मुलाचे आईबाप बसले होते, ते ऐकत होते. आत यंत्राचा आवाज सुरू झाला, एकसारखा, ठरलेल्या अंतराने. आता आईचा श्वास तिचा राहिला नव्हता. मनिषा तो आवाज मोजू लागली आणि मोजता मोजता तिला जाणवलं की आपल्या पोटातही मघापासूनचं ते आवळणं गेलेलं नाही. भीती असेल. काल संध्याकाळपासून अन्न नाही, भूक असेल. किंवा ते तिसरं असेल. आतून तिन्ही सारखीच लागत होती. हातातलं सोललेलं केळं काळं पडायला लागलं होतं.

तिने ते तोंडात घातलं. चव लागली नाही. गोड आहे हे तिला माहीत होतं, तेवढ्यावर ती चावत राहिली. पलीकडच्या बाईने नवऱ्याला कोपर लावल्याचं तिला दिसलं: आई आत यंत्रावर आणि लेक बाहेर खातेय. मावशीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पदर नाकापर्यंत ओढून घेतला. तिने घास जोर करून गिळला. मग दुसरं केळं सोलायला घेतलं.